घरचा अष्टांग सराव वारंवार तुटतो: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याच्या जागा

लक्षणे

वर्गात किंवा शिबिरात शिकून घरी आलेल्या माणसाचा अष्टांग सराव मोडतो तो बहुतेक वेळा एकाच रीतीने. पहिले काही आठवडे आठवड्यातून सहा दिवस उत्साहाने जातात. पुढे गजर वाजतो, जागही येते, पण माणूस मॅटपर्यंत पोहोचत नाही. ज्या दिवशी केवळ सूर्यनमस्कार होतात तो दिवस ‘झालाच नाही’ या खात्यात टाकला जातो आणि राहिलेले सारे रविवारी भरून काढायचे ठरते. मग गणपती येतात, पाहुणे येतात किंवा मुलांच्या परीक्षा लागतात आणि पंधरवडा कोरडा जातो. त्यानंतर अपराधी भावनेने पहिल्याच दिवशी संपूर्ण प्राथमिक मालिका, म्हणजे या पद्धतीतला ठरलेला पहिला आसनक्रम, केली जाते, तीन दिवस अंग ठणकते आणि पुन्हा खंड पडतो. यासोबत काही छोटी लक्षणेही दिसतात: पुढचे आसन कोणते हे पाहण्यासाठी सतत मोबाइलकडे मान वळणे, मालिकेच्या मध्यावरच्या नावासनापर्यंत पोहोचताना श्वास तोंडाने सुरू होणे, शेवटची आसने आणि शवासन नेहमीच गाळले जाणे, आणि एकच खांदा किंवा एकच गुडघा दर वेळी कुरकुरणे.

इथे अष्टांग म्हणजे पट्टाभि जोईस (१९१५–२००९) यांनी म्हैसूरला शिकवलेली विन्यास पद्धत, जिच्यात आसनांचा क्रम ठरलेला असतो, बहुतेक आसनांत पाच श्वास थांबायचे असते आणि दोन आसनांच्या मधला प्रवासही, ज्याला विन्यास म्हणतात, श्वासावर मोजलेला असतो. पुण्यातल्या सकाळच्या वर्गात नवख्यांना हाताशी धरण्याचे काम करताना हा एकच बिघाड मला इतक्यांदा दुरुस्त करावा लागला आहे की तपासण्यांचा एक क्रम आपोआप तयार झाला. तो सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतो. मात्र सांध्यात किंवा स्नायूच्या मुळाशी वेदना असेल, तर मधले सगळे सोडून थेट वेदनेच्या भागाकडे जावे.

आलेला माणूस बहुधा स्वतःच निदान सांगतो, की आपण आळशी आहोत. पतंजलींच्या योगसूत्रांत (१.३०) सरावातले नऊ अडथळे मोजले आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. आळस हा त्या नवांतला एक आहे. आणि मिळालेल्या पायरीवर टिकता न येणे (अनवस्थितत्व), म्हणजे आपली मूळ तक्रार, ही तिथे आळसाहून वेगळी नोंदवलेली आहे. माझा अनुभवही तसाच आहे. इच्छा कमी पडल्यामुळे मोडलेला सराव मी क्वचित पाहिला. दिवसाच्या मापापेक्षा मोठा आखल्यामुळे मोडलेला सराव नेहमी पाहतो.

पहिली तपासणी: खंड खरोखर पडला आहे का?

भिंतीवरचे कालनिर्णय काढून मागच्या महिन्यातले सुटलेले दिवस खुणा करून पाहावेत. या परंपरेत आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती असते, जी पूर्वापार शनिवारी घेतली जाते. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही दिवशीही सराव करत नाहीत. आणि मासिक पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत स्त्रियांनी विश्रांती घ्यावी असा प्रघात आहे. म्हणजे महिन्यातले सहा ते नऊ दिवस पद्धतीनेच मोकळे ठेवलेले असतात. ज्याला हे ठाऊक नसते किंवा ठाऊक असून पटत नसते, तो महिन्याचे तीसही दिवस उभे राहण्याचा संकल्प करतो आणि पद्धतीने दिलेली सुटी स्वतःच्या नावावर अपयश म्हणून लिहितो. या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि काही जणांची तक्रार इथेच संपते, कारण मोजल्यावर त्यांचा सराव ठाकठीक निघतो.

दुसरी तपासणी: रात्रीचे जेवण आणि सकाळची वेळ

हा सराव रिकाम्या पोटी करायचा आहे, आणि आपल्याकडे रात्रीची पाने साडेनऊ-दहाला वाढली जातात. पहाटे साडेपाचला पुढे वाकताना पोट जड वाटत असेल, पिळे देताना घशाशी आंबट येत असेल, तर दोष आदल्या रात्रीच्या ताटात शोधावा. आठवडाभर जेवण आठच्या आत उरकून पाहावे. घरात ते शक्य नसेल तर रात्री हलके खाऊन मुख्य जेवण दुपारी घ्यावे. सकाळ मुळीच जमत नसेल, तर दुपारच्या जेवणानंतर किमान चार तासांनी, संध्याकाळी सराव केला तरी चालतो, आणि त्या वेळी शरीर मोकळेही असते. अडचण एवढीच की संध्याकाळी फोन, पाहुणे आणि थकवा सारे एकदम हजर असतात. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र संध्याकाळचा विचार करू नये. घाम येणे म्हणजे सराव चांगला होणे नव्हे, आणि त्या उन्हाळ्यात अंग तापवण्यासाठी पाच-पाच सूर्यनमस्कारांची गरजही नसते.

तिसरी तपासणी: जमीन

गुळगुळीत टाइल्सवर पातळ मॅट सरकते, पावसाळ्यात दमट होते, आणि अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय टेकून कंबर वर उचललेल्या स्थितीत, तळहात निसटू लागले की माणूस नकळत खांदे आणि मनगटे आवळून धरतो. पुढे जी खांदेदुखी येते तिचे मूळ कधी कधी एवढेच असते. मॅट धुऊन, पूर्ण वाळवून पाहावी. घाम जास्त येत असेल तर वर सुती सतरंजी टाकावी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उड्या मारून मागे जाण्याचा हट्ट सोडावा. खालच्या घरातून पहाटे सहाला तक्रार आली की सराव तिसऱ्या दिवशी बंद पडतो, आणि पाय एकेक करून मागे नेल्याने विन्यासाचे काही बिघडत नाही.

चौथी तपासणी: लांबी

सर्वांत जास्त बिघाड इथे सापडतो, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

संपूर्ण प्राथमिक मालिका, जिला सगळे प्रायमरी सिरीज म्हणतात, तिला सुरुवातीच्या नमस्कारांपासून शवासनापर्यंत साधारण दीड तास लागतो. तिच्यात चतुरंग दंडासनात, म्हणजे कोपरे वाकवून अंग जमिनीशी समांतर धरण्याच्या स्थितीत, उतरण्याची पाळी पन्नासाहून अधिक वेळा येते. शिबिरात हे सहज होते, कारण तिथे स्वयंपाक दुसरे कोणी करते, आजूबाजूला वीस जणांचा श्वास ऐकू येत असतो आणि सराव संपल्यावर नऊ सत्तावीसची लोकल पकडायची नसते. घरी परतल्यावर तोच दीड तास जसाच्या तसा दिवसात बसवायला गेले की अंगापेक्षा मोठा अंगरखा घातल्यासारखे होते; चालताना तो पायात येणारच.

म्हणून आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस निवडावा. बुधवार असेल, ज्या दिवशी ऑफिस लवकर असते आणि डबाही आपणच करायचा असतो, तर बुधवार. त्या दिवशी खरोखर किती मिनिटे मिळतात ते घड्याळ लावून पाहावे, आणि तेवढीच लांबी तुमच्या सरावाची पायाभूत लांबी समजावी. पहिला प्रकार तीन वेळा आणि दुसरा प्रकार तीन वेळा असे सूर्यनमस्कार, मग बद्धपद्मासन, पद्मासन आणि उत्प्लुती (पद्मासनातच हातांवर अंग उचलणे) ही शेवटची तीन आसने, आणि पाच मिनिटे पडून राहणे, एवढे सारे वीस-पंचवीस मिनिटांत होते. पद्मासन बसत नसेल तर साधी मांडी घालावी. हा सराव अपुरा किंवा नाइलाजाचा नाही. प्रवासात, आजारपणानंतर किंवा वेळ नसताना एवढे करून उठावे असे या पद्धतीत शिकवणारेच सांगत आले आहेत. त्यावरची पायरी म्हणजे उभ्याची सर्व आसने करून थेट शेवटच्या आसनांकडे जाणे, ज्याला पाऊण तास पुरतो. त्याच्याही वरची म्हणजे मरीच्यासनांपर्यंत किंवा नावासनापर्यंत जाऊन परत फिरणे. पूर्ण मालिका ऑफिसच्या सुटीच्या दिवसासाठी राखून ठेवावी.

ही तपासणी महत्त्वाची का, हे नियमितपणाच्या उपदेशाने समजत नाही, हिशेबाने समजते. वीस मिनिटांचे पाच दिवस आणि दीड तासाचा एक रविवार यांची बेरीज जवळपास सारखीच येते, पण पहिल्यात तुमचे खांदे प्रत्येक वेळी दहा-बारा चतुरंग करतात आणि दुसऱ्यात आठवडाभर काही न करता एकदम पन्नास. स्नायूंची ताकद दोन-तीन आठवड्यांत परतते, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. खंडानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे जोर परत आल्यासारखे वाटते नेमके तेव्हा, दुखापती होतात त्या याच तफावतीमुळे. आठवड्याहून मोठा खंड पडला असेल तर पहिला आठवडा नमस्कार आणि उभ्याची आसने एवढ्यावरच ठेवावा, बैठी आसने दुसऱ्या आठवड्यात थोडी थोडी जोडावीत, आणि जिथे सोडले होते तिथूनच उचलण्याचा मोह निक्षून टाळावा.

लांबी वाढवायची कधी, हा प्रश्न ओघाने येतो. सराव संपवून उठताना आणखी थोडे करावेसे वाटत असेल आणि हे सलग तीन-चार आठवडे वाटत असेल, तर एक आसन वाढवावे. म्हैसूरच्या रीतीत शिक्षकही एक आसन स्थिरावल्यावरच पुढचे देतो. घरी आपल्याला कोणी अडवणारे नसते, म्हणून आपण एका दमात आठ आसने स्वतःला बहाल करतो.

पाचवी तपासणी: क्रम तोंडपाठ आहे का?

स्क्रीनकडे पाहत केलेल्या सरावात श्वास दुसऱ्याचा असतो. व्हिडिओतल्या शिक्षकाची मोजणी तुमच्या फुप्फुसांसाठी बेतलेली नसते. तुम्ही मागे पडता, मग धापा टाकत गाठता, आणि मान वळवल्यामुळे प्रत्येक आसनाची ठरलेली दृष्टी, म्हणजे नजर टेकवायची जागा, हरवते. त्यातच फोन हातात आला की संदेशही दिसतात. उपाय स्वस्त आहे. जेवढी आसने करायची तेवढ्यांचीच नावे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॅटच्या पुढे ठेवावीत, आणि जे कागदाशिवाय आठवत नाही ते अजून आपल्या सरावात आलेले नाही असे धरावे. या एका नियमाने चौथ्या तपासणीतला बिघाडही बऱ्याचदा दुरुस्त होतो, कारण पाठ असलेला क्रम आपसूकच आटोपशीर असतो.

महाराष्ट्रात इथे दोन खास घोटाळे आढळतात. शाळेत बारा नावांनी सूर्यनमस्कार घातलेल्यांचा एक पाय सवयीने मागे जातो आणि दुसरा पुढेच राहतो. अष्टांगातल्या सूर्यनमस्काराचा पहिला प्रकार नऊ विन्यासांचा, म्हणजे श्वासावर मोजलेल्या नऊ हालचालींचा, आणि दुसरा सतरा विन्यासांचा आहे, आणि दोघांतही चतुरंगात दोन्ही पाय मागे असतात. आधीचे नमस्कार चुकीचे नाहीत, फक्त दोन्हींची सरमिसळ केली की श्वासाची मोजणी जुळत नाही. दुसरा घोटाळा पुण्यात अय्यंगार पद्धतीत तयार झालेल्यांचा. ते प्रत्येक आसनात मिनिटभर थांबून पावले, गुडघे, बरगड्या नीट लावत बसतात, आणि उभ्याच्या आसनांतच पाऊण तास संपतो. बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभि जोईस हे दोघेही म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकले, म्हणून दोन्ही पद्धतींबद्दल आदर ठेवावा, पण एका सकाळी एकीचेच घड्याळ चालवावे. ठोकळा आणि पट्टा मात्र त्या बाजूने खुशाल उसने आणावेत.

सहावी तपासणी: श्वास

सूर्यनमस्कार करताना एकदा मोबाइलवर फक्त आवाज रेकॉर्ड करून नंतर ऐकावा. पहिल्या नमस्कारातला श्वास आणि पाचव्यातला श्वास लांबीला साधारण सारखा असेल तर पुढे जावे. पाचव्यापर्यंत तो निम्मा झाला असेल, मध्येच थांबत असेल किंवा तोंडाने होत असेल, तर वेग आणि जोर दोन्ही अति होत आहेत. रोज धापा टाकत संपणाऱ्या कामाकडे शरीर दुसऱ्या दिवशी जायला नकार देते आणि आपण त्याला कंटाळा म्हणतो. यावर दोनच उपाय करून पाहावेत: बैठ्या आसनांत उजव्या आणि डाव्या बाजूंच्या मधला विन्यास गाळून तो फक्त आसन बदलताना घ्यावा, आणि चतुरंगात गुडघे टेकावेत. घशातून येणारा आवाज हळू, आपल्यालाच ऐकू येईल एवढा असावा. शेजारच्या खोलीत ऐकू जाणारा उज्जायी बहुधा ताणाचे लक्षण असते.

सातवी तपासणी: वेदना

इथून पुढच्या तपासण्यांना वेळ, संयम आणि कधी पैसेही लागतात. स्नायूच्या पोटात दोन दिवस राहणारी आंबलेली दुखी आणि सांध्यात किंवा हाडाजवळ टोचणारी वेदना यांत फरक आहे. पहिली चालते, दुसरी चालवून घेऊ नये. तीन जागा वारंवार येतात.

बैठकीचे हाड. नितंबाच्या खालच्या टोकाला, एका बाजूला, पुढे वाकताना आणि कारच्या सीटवर बसल्यावर दुखते. गुडघे ताठ ठेवून कपाळ नडगीला टेकवण्याच्या अट्टहासाने मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा तिच्या मुळाशी दुखावलेली असते. जवळपास प्रत्येक जण यावर आणखी ताणण्याचा उपाय करतो, आणि तोच ती महिनोन्‌महिने बरी होऊ देत नाही. पुढे वाकण्याच्या प्रत्येक आसनात, सूर्यनमस्कारातल्या उत्तानासनापासून, गुडघे वाकवावेत आणि वेदना सुरू होण्याच्या आधी थांबावे. कंडरेला ताणापेक्षा हळूहळू वाढवलेल्या भाराची गरज असते, आणि तो किती द्यायचा हे फिजिओथेरपिस्ट सांगतो.

खांद्याचा पुढचा भाग. चतुरंगात खांदा कोपराच्या पातळीखाली गेला की भार स्नायूंवरून सांध्याच्या पुढच्या बाजूवर येतो. आरशात किंवा फोनच्या कॅमेऱ्यात एका बाजूने पाहिले तर हे लगेच दिसते. कोपराच्या पातळीवरच थांबावे. थांबता येत नसेल तर गुडघे टेकून उतरावे, आणि तेही दुखत असेल तर काही आठवडे चतुरंग वगळून थेट अधोमुख श्वानासनात जावे.

गुडघा. हा सर्वांत गंभीर. अर्धबद्ध पद्मोत्तानासन, अर्धबद्ध पद्म पश्चिमोत्तानासन, मरीच्यासनाचे दुसरे आणि चौथे प्रकार, गर्भपिंडासन आणि पद्मासन, या साऱ्यांत पाऊल विरुद्ध मांडीच्या मुळाशी न्यावे लागते आणि त्यासाठीचे फिरणे खुब्याच्या सांध्यात व्हायला हवे. खुबा फिरत नसेल आणि आपण हाताने पाऊल ओढले, तर उरलेला पीळ गुडघ्यावर पडतो, ज्याची रचना मुख्यतः वाकण्या-सरळ होण्यासाठी आहे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चिमटा बसल्यासारखे वाटले की त्याच क्षणी पाय सोडावा. पाच श्वास पूर्ण करू नयेत. लहानपणी पंगतीत मांडी घालून बसलो आहोत, आपल्याला पद्मासन काय अवघड, हा आपल्याकडचा ठाम समज आहे. पण त्यानंतरची वीस वर्षे खुर्चीवर गेलेली असतात. पाऊल आतल्या मांडीला लावून किंवा साध्या मांडीने ही सर्व आसने करता येतात, आणि मालिका त्यामुळे अडत नाही.

आठवी तपासणी: शिक्षक

वरचे सारे करून दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर आपल्याला स्वतःला न दिसणारे काहीतरी चुकत आहे, असे धरून कोणाला तरी ते पाहू द्यावे. यासाठी म्हैसूरला गेलेच पाहिजे असे नाही. ज्याला म्हैसूर पद्धतीचा वर्ग म्हणतात, जिथे प्रत्येक जण आपला क्रम आपल्या श्वासावर करतो आणि शिक्षक फिरून पाहतो, असा वर्ग मुंबई-पुण्यात मिळतो, गोव्यात पर्यटनाच्या हंगामात मिळतो, आणि घरच्या सरावासाठी हाच सर्वांत उपयोगी असतो, कारण तिथे क्रम आपल्या स्मरणात बसतो. मोजणी देऊन घेतलेले सामूहिक वर्ग आनंदाचे असतात, पण त्यातून आलेली माणसे घरी एकटी पडतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा एक आठवडा जाणेही पुरते.

शिक्षक निवडताना एक गोष्ट स्पष्टपणे पाहावी. आसनात हाताने दाबून किंवा ओढून समायोजन करण्याची या परंपरेत मोठी प्रथा आहे, आणि खुद्द पट्टाभि जोईस यांच्या स्पर्शाबद्दल अनेक शिष्यांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप जाहीरपणे केले आहेत. त्यांचे नातू शरथ जोईस यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल सार्वजनिक निवेदन केले. म्हणून स्पर्शाआधी विचारणारा, ‘नको’ म्हटल्यावर चेहरा न बदलणारा आणि दुखते म्हटल्यावर दाब वाढवण्याऐवजी सोडणारा शिक्षक निवडावा. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर पैसे भरलेले असले तरी परत जाऊ नये.

कुठे थांबायचे

पुढील गोष्टींत घरचे उपाय, व्हिडिओ आणि योगशिक्षकाचे मतही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. गुडघा सुजणे, अडकणे किंवा चालताना अचानक सुटल्यासारखा वाटणे. ताण कमी करूनही तीन आठवड्यांत न हटणारी वेदना. रात्री झोपेतून उठवणारी वेदना. हातात किंवा पायात मुंग्या, बधिरता, कमजोरी. पाठदुखीसोबत जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. सराव करताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला झाले, तरीही लगेच रुग्णालय गाठावे. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन आणि सर्वांगासन नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये, कारण डोके खाली गेल्यावर डोळ्यांतला दाब वाढतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब, मानेचे जुने दुखणे आणि गर्भारपण यांतही आधी विचारावे.

आणखी एक कारण लोक सांगत नाहीत. सराव चुकला म्हणून दिवसभर स्वतःला कोसणे, खाल्लेले ‘फेडण्यासाठी’ दुप्पट करणे, किंवा सरावच काय पण एरवी आवडणाऱ्या कशातही कित्येक आठवडे मन न लागणे, हा मॅटवरचा बिघाड नाही. तिथे समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे, आणि तोवर सराव पूर्ण थांबला तरी चालेल.

डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जाताना वेदना कधी सुरू झाली, कोणत्या आसनात, कोणत्या बाजूला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कशी होती, हे लिहून न्यावे. शक्य असल्यास ते आसन दाखवणारा फोटोही. ‘योग करताना दुखले’ एवढेच सांगितले की बहुतेक ठिकाणी ‘योग बंद करा’ एवढेच उत्तर मिळते.